तारेवरचा कोट

किडाबाईच्या बाहीवर तो पतंग येऊन बसला तेव्हा ती दादाच्या रोपवाटिकेत, नव्या शेडखाली बसून चहा पीत होती. तिने कप टेबलावर ठेवला.

पतंग दिसायला अगदीच सामान्य. राखाडी रंगाचा, अंगठ्याच्या नखाएवढा, पंखावर एक वाकडी काळी रेघ आणि डोक्यावर पिसांसारख्या दोन मिशा. दुसऱ्या कुणी फुंकर मारून उडवला असता आणि गप्पा पुढे चालू ठेवल्या असत्या. पण या एका पतंगापायी किडाबाईने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. तिला झोपेतून उठवून दाखवला असता तरी तिने ओळखला असता.

नाव तिचं वेगळंच होतं, पण घरात ती लहानपणापासून किडाबाई. बाकीच्या पोरी बाहुल्या मांडायच्या त्या वयात ही काडेपेटीत भुंगे पाळायची. नाव दादाने ठेवलं. पुढे ती शिकून कीटक संशोधन केंद्रात लागली तेव्हा घरभर मिरवला तोही दादाच. "बघा, मी ओळखलं होतं की नाही?" जसं काही त्या भुंग्यांना पाला यानेच घातला होता.

"काय गं, चहा बिघडलाय का?" वहिनीने विचारलं.

"छे, छान झालाय."

तिने उजव्या हाताची मूठ पतंगावर अलगद धरली, खिशातून काचेची कुपी काढली आणि टेबलाखाली हात नेऊन त्याला आत सारलं. दादाचं लक्ष नव्हतं. तो शेडच्या छपराकडे बोट दाखवून बोलत होता.

"परवा गाडी भरायची. या खेपेला अक्रोडाची सगळी रोपं एकाच गिऱ्हाइकाने उचललीत, माहितीये? डोंगरापलीकडे नव्या बागा उठतायत. सगळ्या माझ्या रोपांवर!" मग नेहमीसारखा हसला. "आणि तो तुझा लाडका पतंग? आमच्या खोऱ्यात नाही ना आला?"

हा प्रश्न तो दर भेटीत विचारायचा. घरात डॉक्टर असला की लोक आपली जीभ बाहेर काढून दाखवतात, तसा.

"नाही रे," किडाबाई म्हणाली. विचार करण्याआधीच तोंडातून गेलं.

आता या पतंगाची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर एवढ्याशा किड्याला घाबरणारी ही बाई वेडी वाटेल. पतंग स्वतः काही खात नाही. खातात त्याच्या अळ्या, आणि खातात म्हणजे झाडावर पान म्हणून ठेवत नाहीत. झाड बिचारं पुन्हा पालवी फोडतं, अळ्या पुन्हा खातात. दोन-तीन हंगाम असे गेले की झाड उभ्याउभ्या वाळतं. गंमत अशी की मादीला पंख असून उडता येत नाही. ती एका जागी बसते आणि एक गंध सोडते. नर वाऱ्यावरून तो हुंगत येतो. मग मादी जिथे बसली असेल तिथेच अंडी घालते आणि वर अंगावरची लव चिकटवते. खोड असो, दगड असो, गाडीचं चाक असो, तिला सगळं सारखंच. म्हणजे हा किडा लांबचा प्रवास स्वतः करत नाही. त्याला माणसं नेऊन पोचवतात. हे वाक्य किडाबाईने इतक्या सभांमधून इतक्या लोकांना ऐकवलं होतं की केंद्रातला शिपाईसुद्धा तिच्या आधी ते पुरं करायचा.

आणि नर तिच्याच बाहीवर का बसला, तेही सांगतो. मादीचा तो गंध केंद्रात कुप्यांमध्ये तयार करून सापळ्यांत घालतात. तिथले लोक त्याला अत्तर म्हणतात. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. काही वर्षांपूर्वी अत्तराची एक बाटली किडाबाईच्या हातात फुटली. तेव्हापासून तो गंध तिच्या कातडीत आणि कामावरच्या खाकी कोटात जो मुरला तो मुरलाच. कितीही घासा, धुवा, जात नाही. रानात गेली की नर तिच्याभोवती पिंगा घालतात. दादाने त्यावरही विनोद करून ठेवला होता: "आमच्या किडाबाईच्या मागे पुष्कळ लागतात, पण सगळे सहा पायांचे. दोन पायांचा एकही टिकला नाही." या विनोदाला सगळ्यांत मोठ्याने हसायची ती किडाबाईच.

आज मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली ती थांबेना. कारण दोनच शक्यता होत्या.

एक तर हा पतंग तिच्याच गाडीतून आला होता. ती आज थेट कीड लागलेल्या रानातून आली होती. नियम असा की रानातून निघताना कपडे बदलायचे, गाडी आतून-बाहेरून झाडायची, मगच चांगल्या भागात शिरायचं. नियम कुणी लिहिला होता? हिनेच. पण दादाचा सकाळपासून तिसऱ्यांदा फोन आला होता, "शेड उभी राहिली, तू आल्याशिवाय मी आत बसणार नाही," आणि तिने गाडी तशीच दामटली होती. तसं असेल तर चूक तिची, लाजिरवाणी, पण बिनधोक. एकटा नर काही अंडी घालत नाही.

दुसरी शक्यता ही, की पतंग इथलाच होता.

आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालावी असं माणसाला नेहमीच वाटतं. किडाबाई त्या दुपारी देवाकडे उलटं मागत होती. चूक माझीच असू दे, म्हणत होती, माझीच.

कारण पतंग इथला निघाला तर पुढचं सगळं ठरलेलं होतं. जिथे तो सापडला तिथे लाल खुंटी ठोकायची, आणि खुंटीवर उभं राहून मारलेली हाक जिथवर पोहोचेल तिथवरची अक्रोडाची झाडं, रोपं, सगळी तोडून जाळायची. रोपवाटिका असेल तर तिचं दार बंद. खुंटीची ही पद्धतही तिच्याच अहवालातून आली होती. तिची लाकडी मोगरी आणि लाल खुंट्यांची पिशवी गाडीच्या डिकीत कायम असायची. लोकांनी पाया पडून विनवलं तरी ती वर्तुळ आखडतं घ्यायची नाही. एका म्हाताऱ्याने एकदा तिला विचारलं होतं, "बाई, तुमचं काय जातं हो?" तेव्हा तिच्याकडे उत्तर होतं. आता ते उत्तर तिला आठवेना.

निघताना तिने कोट काढला आणि शेडमागच्या खिळ्याला अडकवला.

"हा राहू दे इथेच. परवा येते तेव्हा नेईन."

"परवा पुन्हा येतेस?" दादा खूश झाला. "ये की! गाडी भरताना तुझा हात लागेल रोपांना."

का ठेवला ते तिने सांगितलं नाही. खरं तर तिने तिथे सापळाच लावला होता. ती गेली, तिची गाडी गेली, रानातून आलेलं सगळं गेलं आणि मागे फक्त गंध उरला, तर त्यावर जो येईल तो याच खोऱ्यातला. पद्धत बिनतोड होती. एका पतंगावरून निष्कर्ष काढू नये, हेही शास्त्राला धरूनच होतं. पण खरं सांगायचं तर त्यात शास्त्र थोडं होतं आणि भीती फार. भीतीला असा पांढरा कोट चढवला की ती फार शहाणी दिसते.

दुसऱ्या दिवशी केंद्रात तिचं कशातच लक्ष लागेना. भिंतीवर मोठा नकाशा होता. कीड लागलेला भाग लाल, संशयाचा पिवळा, चांगला हिरवा. साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, नकाशापुढे चहाचा कप घेऊन उभे होते.

"हे खोरं बघा, अजून हिरवंगार. तुमचे बंधू तिथेच ना? नशीबवान माणूस."

"हो," ती म्हणाली. टेबलाच्या खणात ती कुपी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसे साहेब नकाशावर बोट फिरवत होते आणि पतंग त्यांच्यापासून हातभर अंतरावर मरून पडला होता. सांगून टाकावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, उद्या कळेलच, एका दिवसाने काय होतं. मग आठवलं, हेच वाक्य लोक तिला सांगायचे आणि ती त्यांना तोडून बोलायची.

तिने गाडी स्वतः धुतली, पाय ठेवायच्या चटयासुद्धा उचकटून झटकल्या. दादाला फोन करून गाडी भरू नकोस म्हणावं म्हणून फोन उचलला. काय सांगणार? कारण विचारलं तर? दादाला तिचा आवाज वाचता येतो. शेवटी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, माझा कोट आहे ना तिथेच?"

"आहे गं बाई! कोट का सोन्याचा आहे? तू जेवलीस का?"

"जेवले," किडाबाई म्हणाली. जेवली नव्हती.

मन चिंती ते वैरी न चिंती. तिला दिसायचं, खिळ्यावरचा कोट पतंगांनी नुसता भरून गेलाय. मग दिसायचं, कोट रिकामा आहे, आणि त्या रिकाम्या कोटाला मिठी मारून आपण वेड्यासारखं हसतोय. दुसरं चित्र ती पुन्हापुन्हा काढून बघायची, पण ते लगेच पुसट व्हायचं.

तिसऱ्या दिवशी ती पोहोचली तेव्हा फाटकाशी मालट्रक उभा होता, निम्मा भरलेला. कामगार कुंड्या वर देत होते, ड्रायव्हर बिडी ओढत होता आणि दादा मध्येच उभा राहून "सांभाळून, सांभाळून" ओरडत होता. तिला बघून त्याने हात वर केला. ती न थांबता शेडमागे गेली.

खिळा रिकामा होता.

क्षणभर तिला हायसं वाटलं, म्हणजे किती मूर्खपणाने हायसं वाटावं! कोटच नाही म्हणजे पतंगही नाहीत. मग पलीकडून वहिनीचा आवाज आला. "हड्, हड्! शिंच्यांनो!"

घर आणि रोपांच्या वाफ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कपडे वाळत घालायची तार होती. तारेवर दादाचे सदरे, दोन चादरी आणि मधोमध तो खाकी कोट. स्वच्छ धुतलेला, बाह्या खाली करून चिमटे लावलेला. वहिनी टॉवेल झटकत होती.

"आलीस? बघ ना, किती मळला होता, म्हटलं धुऊन टाकू. साबणाची निम्मी वडी गेली त्याच्यावर. पण हे बघ काय प्रकार आहे! सकाळपासून हाकलतेय. एक गेलं की दुसरं येतं. चादरीवर नाही, सदऱ्यावर नाही, तुझ्या कोटावरच काय ठेवलंय यांचं?"

कोटाच्या पाठीवर, कॉलरवर, खिशाच्या झडपेवर राखाडी पतंग बसले होते. काही पंख फडफडवत गोल फिरत होते. गंध साबणाने जात नाही, हे किडाबाईला माहीत होतं. वहिनीला कुठून माहीत असणार?

तिने तारेचा खांब धरला.

"दादाला बोलव," ती म्हणाली. "आणि गाडी भरायची थांबव."

दादा आला. तिने सांगितलं. परवाचा पतंग, कुपी, कोट, सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू परक्या माणसासारखा होत गेला.

"म्हणजे परवा मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"खात्री नव्हती."

"आणि कोट तू मुद्दाम ठेवलास. माझ्या घरात. मला न सांगता."

"दादा..."

"वास तुझ्या अंगाला, आणि जळणार माझी रोपं!" तो एकदम ओरडला. तिकडे कामगारांचे हात थांबले. "तू आलीच नसतीस तर हे आलं असतं का?"

"ते आधीच इथे होतं रे. मी फक्त..."

"आज गाडी जाऊ दे," तो आवाज खाली आणून म्हणाला. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "एवढी एक गाडी. उद्यापासून तुझं काय ते कर. मी कधी काही मागितलं का तुझ्याकडे?"

नव्हतं मागितलं. वडील गेल्यावर शाळा त्याने सोडली होती, तिने नाही. याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नव्हता, आणि आत्ताही बोलला नाही. म्हणूनच तिला ते जास्त ऐकू आलं.

वहिनी इतका वेळ टॉवेल छातीशी धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "खुंटी जिथे पतंग सापडेल तिथेच ठोकतात ना? मग हा कोट उचलून लांब ओढ्यावर नेऊन टांग. तिथेही येतीलच की ते. ओढ्यावरून आपलं दार वर्तुळात येत नाही."

किडाबाईने कोटाचे चिमटे काढले.

आता इथे मी तिची बाजू घेत नाही. ती खरोखरच निघाली. कोट हातावर टाकून, वाफ्यांमधल्या वाटेने, ओढ्याकडे. वाटेत स्वतःला सांगत होती की ओढ्याकाठीही पतंग असणारच, म्हणजे खोटं काहीच नाही, फक्त जागा निराळी. तिच्यामागून पतंग येत होते. मागे वळून न बघताही तिला कानाशी त्यांची फडफड कळत होती.

ओढ्यापलीकडे तात्यांची बाग होती. तात्या म्हणजे शेजारचे म्हातारे बागवाले. लहानपणी दोघा भावंडांना कच्चे अक्रोड फोडून द्यायचे आणि हात काळे झाले म्हणून वर रागवायचेही. ते एका झाडाला टेकू देत होते. तिला बघून त्यांनी कपाळावर हात धरला.

"कोण, किडाबाई का? बरी आहेस ना पोरी? काय गं, तो पतंग आमच्याकडे नाही ना आला?"

ओढ्यावर टांगलेल्या कोटाचं वर्तुळ कुठवर जाईल ते तिला मोजावं लागलं नाही. तात्यांनी तिथून मारलेली हाक तिला इतकी स्पष्ट ऐकू आली होती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. म्हण तिला लहानपणापासून पाठ होती. तिचा अर्थ असा आपल्याच पावलांवरून कळेल असं वाटलं नव्हतं.

"सांगते तात्या," ती म्हणाली. "संध्याकाळी येऊन सगळं सांगते. तोवर बागेतलं काही बाहेर जाऊ देऊ नका."

ती परत फिरली. गाडीच्या डिकीतून तिने मोगरी आणि एक लाल खुंटी काढली. मालट्रककडे तिने बघितलं नाही, बघायची छातीच नव्हती. इंजिन चालू झालं असतं तर आपण काय केलं असतं, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. ती तारेखाली आली, कोट होता तिथे पुन्हा अडकवला, गुडघे टेकले आणि खुंटी जमिनीवर धरली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे पहिला घाव बाजूलाच पडला. दुसरा बोटावर.

"दाखव," दादा म्हणाला.

तो कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नव्हतं. बोट दाखव म्हणतोय असं वाटून तिने हात पुढे केला. पण त्याच्या हातात मालट्रकवरून उतरवलेली एक कुंडी होती. रोप एका हाताने सावरून त्याने ती आडवी केली. कुंडीच्या काठाखाली, आतल्या बाजूला, बदामी रंगाचा एक मऊ ठिपका होता, कुणी लोकर चिकटवल्यासारखा.

"हेच का ते?"

"हेच," ती म्हणाली.

"मला वाटलं, बुरशी आहे." त्याने ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि पटकन मागे घेतला. "मागच्या हंगामात जुन्या कुंड्या स्वस्तात मिळाल्या, त्या घेतल्या. त्यातल्या बऱ्याच कुंड्यांना आहे. मी रोज बघत होतो गं. तू सभेत बोलायचीस तेव्हा मी पहिल्या रांगेत बसायचो. मला वाटायचं, ते लोकांसाठी आहे."

तो तिच्या बाजूला उकिडवा बसला. खुंटीकडे बघून त्याने नाक मुरडलं. लहानपणी तिने ठोकलेल्या प्रत्येक खिळ्याला तो असंच नाक मुरडायचा.

"तिरकी चाललीये. दे इकडे."

त्याने तिच्या हातातून मोगरी घेतली. खुंटी सरळ धरली आणि तीन घावांत आत घातली. मग उठला, गुडघ्याची माती झटकली आणि फाटकाकडे तोंड करून हाक मारली. ही हाक सगळ्या वाफ्यांवरून गेली असणार.

"उतरवा रे सगळं. गाडी जाणार नाही."